पाण्यातला किडा: आधी ओळख, मग औषध

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

  आजचा विषय जरा वळवळणारा आहे. नाक मुरडू नका, कारण यात आपल्या गटाचा पैसा अडकलेला आहे. शेततळ्यात, हौदात किंवा माशांच्या टाकीत किडे, जंत, अळ्या दिसल्या की काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आज बोलू.

आपल्या नाशिक जिल्ह्यात सिन्नर, चांदवड, येवला, निफाड, कुठल्याही बाजूला जा, कागद टाकलेलं शेततळं दिसतंच. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि त्यांची संख्या वाढली. तळं खणलं द्राक्षासाठी, कांद्यासाठी, डाळिंबासाठी. पण पाणी साठलेलं आहेच, तर त्यात मासे का सोडू नयेत, असा विचार करून कितीतरी गटांनी रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनसची बोटुकली सोडली. बागेचं पाणी बागेला आणि माशांचे पैसे गटाला. हिशेब चांगला आहे. पण तो एका सकाळीत बिघडूही शकतो.

गेल्या उन्हाळ्यात एका गटाच्या अध्यक्षताईंचा फोन आला. ठिबकच्या फिल्टरमध्ये लाल लाल अळ्या अडकत होत्या. कोणीतरी म्हणालं, “तळ्यात जंत झालेत, आता मासे मरणार.” घाबरून दुकानातून औषधाची बाटली आणली. दुकानदाराने विचारलं, तळं केवढं? बायकांनी सांगितलं, तीस बाय तीस, तीन मीटर खोल. त्या मापाने औषध पडलं. पण मे महिन्यात तळं अर्ध्यावर आलेलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना निम्म्याहून जास्त मासे उलटे तरंगत होते. मासे गेले, तरी कर्जाचा हप्ता थांबला नाही.

आणि त्या लाल अळ्या? त्या माशांचं खाणं होत्या. त्यांनी एकाही माशाला इजा केलेली नव्हती.

म्हणून आज एवढंच सांगायचं आहे: पाण्यात दिसणारा प्रत्येक किडा वैरी नसतो. आधी त्याची ओळख पटवा, मग औषधाचं बघू. ओळख पटली की बऱ्याच वेळा औषधाची गरजच पडत नाही.

ओळख पटवायला फार साहित्य लागत नाही. एक पांढरी ताटली घ्या, एक काचेचा ग्लास, एक बॅटरी आणि मुलांच्या दप्तरातलं भिंग. किडा पाण्यासकट ताटलीत घ्या, म्हणजे पांढऱ्यावर तो स्पष्ट दिसतो. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. किडा सापडला कुठे: तळाच्या गाळात, माशाच्या अंगावर, की माशाच्या पोटात? तो हलतो कसा? आणि मासे वागतात कसे? या तीन प्रश्नांत निम्मी ओळख होते.

आधी गाळातले किडे बघू.

लाल, जाडसर, एक-दोन सेंटीमीटर लांब, अंगाला कांडी कांडी असलेली आणि पाण्यात वळसे घेत पोहणारी जी असते, ती रक्तअळी. तिच्या अंगात आपल्या रक्तासारखंच लाल द्रव्य असतं, म्हणून ती लाल दिसते. त्याच्या जोरावर ती कमी प्राणवायूच्या गाळातही जगते. ही एका माशीची अळी. माशी डासासारखी दिसते, संध्याकाळी दिव्याभोवती थवे करते, पण चावत नाही. ही अळी म्हणजे माशांचं आवडतं खाणं. ठिबकच्या फिल्टरमध्ये अडकली तर फिल्टर धुवा, मोटारीच्या पाइपचं तोंड तळापासून थोडं वर घ्या. तळ्यात औषध ओतायचं काही कारण नाही.

दुसरी, दोऱ्यासारखी बारीक, लालसर, गाळात डोकं खुपसून शेपट्या वर हलवत राहणारी. हात लावला की सगळा झुबका एकदम आत ओढला जातो. हिला ट्युबिफेक्स म्हणतात. हासुद्धा माशांना खायला चालतो. पण तळाशी त्याचे गालिचे पसरले असतील, तर तो आपल्याला काहीतरी सांगतोय. खाली न खाल्लेलं खाद्य, शेण, पाला सडतोय, असा त्याचा निरोप आहे. मग किडा मारण्यापेक्षा त्याचं जेवण बंद करा. पेंड आणि कोंडा टाकणं कमी करा, ताजं शेण टाकणं थांबवा, जमेल तेव्हा गाळ काढा. खाद्य टाकल्यावर मासे किती वेळात संपवतात ते बघा. उरत असेल तर ते आपलेच पैसे तळाला जाऊन सडत आहेत.

आता समुद्राच्या पाण्याची एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या तळ्यालाही लागू पडते. शहरात काही लोक हौसेने घरात समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी ठेवतात. त्यात रंगीत मासे, जिवंत प्रवाळ आणि समुद्रातले दगड असतात. त्या दगडांच्या भेगांतून लपून किडे येतात. रात्री दिवा मालवला की केसाळ, गोमेसारखे दिसणारे किडे बाहेर पडतात. पाहणारा दचकतो. वाटतं, आता हे मासे खाणार. पण त्यातले बहुतेक बिचारे सफाई कामगार असतात. उरलेलं खाद्य, मेलेले जीव, घाण, हे सगळं ते रात्रीत फस्त करतात. त्यांची संख्या वाढली की अनुभवी माणूस आधी स्वतःला विचारतो, मी खाद्य जास्त टाकतोय का? आपल्या ट्युबिफेक्सची गोष्ट तीच झाली.

फारच झाले तर ते लोक रात्री नळीत माशाचा तुकडा ठेवून सापळा लावतात, सकाळी किडे नळीसकट बाहेर काढतात. उघड्या हाताने मात्र धरत नाहीत, कारण त्यांचे केस काचेच्या कुसळासारखे बोटात रुततात. रुतलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढतात.

त्याच टाक्यांमध्ये एक तांबडा, पानासारखा चपटा किडा होतो. तो शेकड्यांनी वाढून प्रवाळावर चादर पांघरल्यासारखा बसतो. यावर औषध आहे. पण एका दमात सगळे मारले, तर त्यांच्या मेलेल्या अंगातून विषारी रस सुटतो आणि मासेच मरतात. म्हणून जाणकार आधी नळीने ओढून जितके निघतील तितके किडे बाहेर काढतात, मग औषध देतात, आणि लगेच बरंचसं पाणी बदलतात. हाताने निघतंय तेवढं आधी काढा, औषध शेवटी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्थात खरा चोरही कधी कधी निघतो. २००९ साली इंग्लंडमध्ये न्यूकी गावच्या मत्स्यालयात प्रवाळ कोणीतरी कुरतडत होतं. चोर सापडेना. सापळे लावले, तेही तुटले. शेवटी टाकीतला एकेक दगड उचलला तेव्हा खालून चार फूट लांबीचा किडा निघाला. तिथल्या लोकांनीही टाकीत विष ओतलं नाही. त्यांनी चोर शोधला आणि तेवढाच बाहेर काढला.

चला, आता आपल्या तळ्यावर परत येऊ आणि माशाच्या अंगावर काय असतं ते बघू. खरे वैरी इथे आहेत, आणि ते मोजकेच आहेत.

पहिला, अँकर वर्म. अँकर म्हणजे नांगर, होडीचा नांगर. माशाच्या अंगातून पांढरट-हिरवट दोऱ्याचा तुकडा लोंबतोय असं दिसतं. दोरा एक-दोन सेंटीमीटरचा, टोकाला दोन छोट्या पिशव्या. त्या पिशव्यांत अंडी असतात. दोरा जिथे आत गेलाय तिथे लाल डाग किंवा जखम दिसते. याचं डोकं माशाच्या मांसात नांगरासारखं रुतलेलं असतं. नावात वर्म असलं तरी हा जंत नाही. तो कोळंबी-खेकड्यांच्या दूरच्या नात्यातला जीव आहे. लोंबतो ती सगळी मादी असते. तिची पिल्लं पाण्यात मोकळी पोहतात आणि पुढे नवा मासा पकडतात. उबदार पाण्यात अंड्यापासून अंड्यापर्यंतचा हा फेरा साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होतो.

हा फेरा कळला की उपायही कळतो. औषधाने पाण्यातली पिल्लं मरतात, पण मांसात रुतलेली मादी आणि तिची अंडी सहज मरत नाहीत. म्हणून एकदा औषध टाकून “काही उपयोग झाला नाही” म्हणत दुप्पट ओतण्यात अर्थ नाही. जाणकाराच्या सल्ल्याने ठरलेलीच मात्रा, ठरलेल्या अंतराने, पुन्हा द्यावी लागते. टाकीतले चार-सहा मासे असतील तर ओल्या फडक्यात मासा धरून, चिमट्याने कातडीजवळ पकडून किडा हळू ओढता येतो. अर्धा तुटू देऊ नका.

दुसरी, माशाची ऊ. शास्त्रात तिला अर्ग्युलस म्हणतात. मसुरीच्या डाळीएवढी, चपटी, पारदर्शक, माशाच्या अंगावर सरकताना दिसते. अंगावर ऊ असली की मासा काठाला, कागदाला अंग घासतो, मध्येच उसळी मारतो. खाज सुटल्यावर म्हैस झाडाला अंग घासते ना, तसंच. हिचं रक्त शोषणं परवडलं, पण तिने केलेल्या जखमेतून दुसरे रोग शिरतात आणि मासा खंगतो.

या उवेची एक खोड आपल्या कामाची आहे. ती अंडी माशावर घालत नाही. माशावरून उतरून दगड, लाकूड, बांबू अशा कडक गोष्टींवर ओळीने चिकटवते. म्हणून मत्स्यपालक तळ्यात बांबूचे तट्टे सोडतात. आपण कागदाच्या तळ्यात बांबू रोवायचा नाही, कागद फाटेल. तट्ट्याच्या कडा घासून गुळगुळीत करा, दोर बांधून तो तरंगता सोडा. दर आठवड्याला बाहेर काढून कडक उन्हात वाळवा आणि परत सोडा. उबदार पाण्यात अंडी फुटायला साधारण दोन आठवडे लागतात. आठवड्याला तट्टा वाळवला तर अंडी फुटायच्या आतच गेली. पैसा लागला शून्य, आणि विषाचा एक थेंब पडला नाही. एका तट्ट्याने सगळी ऊ संपणार नाही, पण वाढ थोपते.

तिसरी जळू. ही तुम्हाला माहीत आहे. दोन्ही टोकांना चिकटणारं तोंड, वीत मोजत चालल्यासारखी चाल. माशाच्या कल्ल्यांजवळ, पंखांच्या बुडाशी चिकटते. एखाद-दुसरी असेल तर मोठ्या माशाचं फारसं बिघडत नाही. लहान बोटुकलीला मात्र ती जड जाते. मिठाच्या पाण्यात मासा बुडवला की जळू सुटते. ते कसं करायचं, पुढे सांगते.

चौथे, डोळ्यांना न दिसणारे कल्ल्यांतले चपटे कृमी. मासे दिवसभर धापा टाकतात, कल्ले फिकट पडतात, अंगावर चिकट बुळबुळ वाढते, पण किडा दिसत नाही. हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. इथे अंदाजाने औषध देऊ नका. एक गोष्ट मात्र तुम्ही घरी ओळखू शकता. फक्त पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडत असतील आणि ऊन वर आलं की परत खाली जात असतील, तर तो किडा नाही. पाण्यातला प्राणवायू कमी पडतोय. अशा वेळी लगेच मोटार लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवा. अशा पाण्यात औषध ओतलं तर उरलेला श्वासही जाईल.

आता माशाच्या पोटातले जंत. मासा फुगीर दिसतो, कापल्यावर पोटातून पांढरी, चपटी, नाडीसारखी फीत निघते. बाई घाबरते आणि मासा उकिरड्यावर टाकते. तिथे तो कावळा नेतो, बगळा नेतो. नेमकं हेच त्या जंताला हवं असतं. कारण त्याचा रस्ता असा आहे: पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, पाण्यातल्या अगदी बारीक जिवाच्या पोटात, त्याला खाणाऱ्या माशाच्या पोटात, आणि मासा खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात परत. म्हणून अशा माशाची आतडी उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. तळ्यावर पक्ष्यांसाठी जाळी किंवा दोऱ्या ताणा. आणि कुठलाही मासा नीट साफ करून, पूर्ण शिजवूनच खा.

रस्ता ओळखला की किडा अडवता येतो, हे काही मी आज नवीन सांगत नाही. आपल्या आया-आज्यांनी ते करून दाखवलं आहे. नारू आठवतो का? ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे त्यांना नक्की आठवत असेल. पायावर फोड यायचा, आग व्हायची, आणि त्यातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा, जवळजवळ मीटरभर लांब. काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला, तेही ऐन शेतीच्या कामात. महाराष्ट्र हे नारू असलेल्या राज्यांपैकी एक होतं.

नारूवर ना लस होती, ना त्याला मारणारं औषध. मग तो गेला कसा? त्याची वाट सापडली म्हणून. नारूचा माणूस पायाची आग शमवायला बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवायचा. तिथे जंत हजारो पिल्लं सोडायचा. ती पिल्लं सायक्लॉप्स नावाचा ठिपक्याएवढा पाणकिडा खायचा. तेच पाणी आपण प्यायचो आणि वर्षभराने पायातून नारू निघायचा. मग ठिकठिकाणी काय केलं? पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवले, विहिरींना कठडे बांधले. नारू असलेल्या माणसाला पाण्यात उतरू दिलं नाही. जिथे औषध टाकलं तिथे ते मोजून, सायक्लॉप्ससाठी टाकलं. १९९६ साली राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. त्या लढाईत घरोघरी हंड्यावर फडकं धरणारे हात बहुतेक बायकांचेच होते.

आणि गंमत बघा. तो सायक्लॉप्स आणि आपल्या माशाला रुतणारा अँकर वर्म, दोघं एकाच जातकुळीतले.

आता तरीही औषध द्यायची वेळ आलीच, तर काय? तेव्हा सगळ्यात आधी पाण्याचं माप. इथे बहुतेक घोटाळे होतात, म्हणून वही-पेन घ्या.

तळं वर तीस बाय तीस मीटर, खोली तीन मीटर. तीस गुणिले तीस गुणिले तीन म्हणजे २,७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर, असं आपण म्हणतो. पण तळ्याच्या भिंती उतरत्या असतात. तळ वरच्यापेक्षा लहान असतो, समजा २४ बाय २४ मीटर. मग काठोकाठ भरलेल्या तळ्यात खरं पाणी साधारण २२ लाख लिटर असतं. म्हणजे औषध सुरुवातीलाच जवळजवळ पाव पट जास्त पडलं.

पुढे ऐका. उन्हाळ्यात पाणी दीड मीटरवर आलं. आपण म्हणतो, निम्मं राहिलं, ११ लाख लिटर. पण खालचा भाग अरुंद असल्यामुळे तिथे पाणी दहा लाखांपेक्षाही थोडं कमी असतं. आता कोणी २७ लाखांच्या हिशेबाने औषध ओतलं, तर मात्रा झाली पावणेतीन पट. मी सुरुवातीला सांगितलेल्या गटाच्या तळ्यात नेमकं हेच घडलं. बाटलीला दोष देण्यात अर्थ नाही, माप चुकलं.

म्हणून आजच्या पाण्याच्या पातळीला लांबी-रुंदी मोजा, तळाची लांबी-रुंदी जुन्या कागदपत्रांतून घ्या, दोन्हींची सरासरी काढा आणि आजच्या खोलीने गुणा. घनमीटरला हजाराने गुणलं की लिटर. हा हिशेब गटातल्या दोघींनी वेगवेगळा करावा आणि जुळवून बघावा. बँकेच्या पासबुकाची नोंद आपण दोनदा तपासतो, तसंच.

दुसरी गोष्ट, औषध कोणतं हे दुकानात ठरवू नका. उवेवर आणि अँकर वर्मवर चालणारी काही औषधं मुळात शेतीच्या कीटकनाशकांच्या जातीची असतात. ती थोडी जास्त झाली तरी मासा मरतो. तळ्यात कोळंबी असेल तर ती आधी जाते, कारण ती त्या उवेच्याच नात्यातली. आणि तेच पाणी आपली गुरं पितात, बागेला जातं. म्हणून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. तळ्याचंच पाणी भरलेल्या पिशवीत एक जिवंत आजारी मासा न्या. मेलेल्या माशावरून किडे उतरून जातात, मग तपासणाऱ्याला काही सापडत नाही. सोबत मोबाइलवर काढलेला किड्याचा फोटो आणि पाण्याच्या मापाचा कागद न्या. तिथे तीन गोष्टी विचारा: मात्रा किती, पुन्हा कधी द्यायची, आणि औषधानंतर किती दिवस मासा विकायचा नाही व गुरांना पाणी पाजायचं नाही.

तिसरी गोष्ट, वेळ. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी औषध देऊ नका. स्वच्छ ऊन पडलेल्या सकाळी द्या, मोटार तयार ठेवा, आणि त्या रात्री व पहाटे कोणीतरी तळ्यावर लक्ष ठेवा. समुद्राच्या टाकीतला तांबडा किडा आठवा. मेलेले जीव सडताना पाणी बिघडवतात.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे किडा आत येऊच न देणं. बहुतेक वेळा तो बोटुकलीबरोबर किंवा दुसऱ्याच्या ओल्या जाळ्याबरोबर येतो. बोटुकली आणली की लगेच तळ्यात ओतू नका. दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम जाडं मीठ पूर्ण विरघळवा. थोडी थोडी बोटुकली जाळीच्या पिशवीत घेऊन त्यात एक-दोन मिनिटं बुडवा, मग काढा. त्याआधीही मासे कलंडायला लागले तर तेव्हाच बाहेर काढा. जळू आणि अंगावरचे बरेच किडे इथेच गळून पडतात. ते मिठाचं पाणी तळ्यात टाकू नका. दुसऱ्याचं जाळं, बादली, टोपली वापरायची असेल तर आधी धुऊन दिवसभर कडक उन्हात वाळवा. मासे काढून झाले आणि उन्हाळ्यात तळं रिकामं झालं, की गाळ काढा आणि तळ काही दिवस चांगला वाळू द्या.

एक सूचना मात्र सगळ्यांत महत्त्वाची. ओला कागद फार निसरडा असतो. घसरलेल्या माणसाला त्यावरून वर चढता येत नाही, पोहता येत असलं तरी. मासा बघायला, तट्टा काढायला एकटीने जाऊ नका. काठाला दोर बांधलेला असू द्या, हवा भरलेली ट्यूब हाताशी असू द्या, मुलांना कुंपणाच्या बाहेर ठेवा. मासे पुन्हा सोडता येतात.

या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. बचतीच्या वहीच्या मागे तळ्याचं एक पान काढा. त्यावर तारीख, पाण्याची खोली, किती खाद्य टाकलं, मासे कसे वागले, काही किडा दिसला का, एवढं लिहा. दर पंधरा दिवसांनी फेकजाळ्याने पाच-सहा मासे काढून कल्ले, पंख आणि पोट बघा. दोघींची नावं त्या कामाला ठरवून द्या. किडा दिसला तर पांढरी ताटली आणा, तीन प्रश्न विचारा, आणि मग फोन करा. बाटली आणायला कोणाला पाठवू नका.

तुमच्या तळ्यात, हौदात काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी त्यावर बोलू. तोपर्यंत सांभाळून राहा. नमस्कार.